इंग्रजांचा न्याय चोख होता का? बंदरातल्या कोर्टांबद्दल एका शिपिंग वकिलाचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आलाय: "मी लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमचे आजोबा, वय ८८, कायम म्हणतात की काही म्हणा पण इंग्रजांचा न्याय चोख होता, कोर्टात काळा-गोरा बघायचे नाहीत. मुंबई, एडन (आजच्या येमेनमधलं), योकोहामा (जपानमधलं) असल्या बंदरांच्या कोर्टांत १९व्या शतकात खरंच तसं होतं का? आणि नसेल तर निकालांत तसं लिहिलेलं का सापडत नाही?"

आधी आजोबांचं. ८८ म्हणजे इंग्रज गेले तेव्हा ते दहा-अकरा वर्षांचे असणार, तेव्हा हे वाक्य त्यांनीही त्यांच्या वडिलांकडूनच उचललेलं आहे, आमच्याकडेही हेच होतं, माझे आजोबा तर साध्या तलाठ्याकडून काम झालं नाही की "इंग्रज परवडले" म्हणायचे. त्यामुळे त्यांच्याशी वाद घालू नका, पण प्रश्नाचा दुसरा भाग चांगलाय, निकालात का सापडत नाही, त्यावरच लिहितो. मी जवळजवळ ३१ वर्षं शिपिंगची कामं करतोय, म्हणजे बोट अडकवणं, मालाचे दावे, खलाशांचे पगार, अपघातांच्या चौकश्या. इतिहासाचा प्राध्यापक नाही, पण जुने निकाल वाचायची खोड आहे आणि वाचताना धंद्याच्या नजरेने वाचतो, म्हणजे शिक्षा किती झाली ते नंतर, आधी बघायचं की कोर्टापुढे प्रश्न कोणता ठेवला होता. सगळी ग्यानबाची मेख तिथे आहे.

नॉर्मंटन नावाच्या बोटीची केस घेऊ, कारण तिच्यात सगळंच आहे. २४ ऑक्टोबर १८८६. ब्रिटिश मालवाहू बोट, योकोहामाहून कोबेला निघालेली, माल भरलेला आणि सोबत २५ जपानी पॅसेंजर. वाटेत वादळवारा, आणि आजच्या वाकायामा भागातल्या किनाऱ्याजवळ खडकावर बसून बुडाली. कॅप्टन जॉन विल्यम ड्रेक आणि त्याचे युरोपियन लोक लाइफबोटींतून सुटले, किनाऱ्यावरच्या जपानी कोळ्यांनीच त्यांना वाचवलं, खाऊ घातलं. पंचवीसच्या पंचवीस जपानी पॅसेंजर गेले. आणि त्यांच्यासोबत बोटीवरचे हिंदुस्थानी खलाशी गेले, आकडा १२ दिला जातो. हा १२ लक्षात ठेवा, शेवटी त्याच्याकडे परत यायचंय.

आता कोर्ट कुठलं? जपानचं नाही. १८५८ च्या तहाप्रमाणे जपानात ब्रिटिश माणसाने गुन्हा केला तर त्याला जपानी कोर्टात उभं करता येत नव्हतं, त्याचा निवाडा त्याचाच कॉन्सुल करणार. हा कॉन्सुल म्हणजे मुळात आपल्या व्यापाऱ्यांची कामं सोपी करायला नेमलेला सरकारी माणूस, सकाळी तो शिपिंग एजंटबरोबर चहा घेणार आणि दुपारी न्यायाधीश होऊन बसणार. बरं, परदेशी बंदरात बोटीच्या चौकशीसाठी नेव्हल कोर्ट बसवायचं तर त्यात कोण असावं हे १८५४ च्या मर्चंट शिपिंग ॲक्टमध्ये लिहिलेलंच होतं: तीन ते पाच माणसं, शक्यतो एक नौदलाचा अधिकारी, एक कॉन्सुलर अधिकारी, एक ब्रिटिश व्यापारी बोटीचा कॅप्टन, आणि उरलेले अशाच लोकांतून किंवा ब्रिटिश व्यापाऱ्यांतून. म्हणजे ज्याची चौकशी त्याच्याच बिरादरीतले लोक. यात कुणी लाच खाल्ली असं म्हणायची गरजच नाही, सगळे आपापल्या परीने प्रामाणिक असले तरी त्यांना वादळातल्या कॅप्टनची अडचण पटकन समजते, खालच्या होल्डमध्ये पाणी शिरताना जपानी बाईला काय वाटलं असेल ते समजायला तिथे कुणी बसलेलंच नाही.

कोबेला १ नोव्हेंबरला चौकशी सुरू झाली, कॉन्सुल जेम्स ट्रूप यांच्यापुढे. ड्रेकचं म्हणणं असं की मी जपानी लोकांना बोटीत उतरा उतरा म्हणून सांगितलं, त्यांना इंग्रजी कळेना, ते हलेनात, शेवटी नाइलाज झाला. ५ नोव्हेंबरला कॅप्टन निर्दोष. पाच दिवसांत.

इथे थांबून तुम्ही लॉचे विद्यार्थी म्हणून विचार करा. त्या चौकशीपुढे मुख्य प्रश्न काय होता? बोट चालवण्यात चूक झाली का आणि कॅप्टनचं सर्टिफिकेट, म्हणजे बोट चालवायचा परवाना, काढून घ्यावं का, हा. अशा चौकश्या त्यासाठीच असतात, आजही. माणसं का मेली हा प्रश्न त्यात ओघाने येतो, आला तर. मग त्या छोट्या प्रश्नाचं उत्तर अगदी इमानदारीत द्या, कागदोपत्री सगळं चोख दिसणार. म्हणून तुम्हाला निकालात वर्णभेद सापडत नाही. तो निकालाच्या आधी होऊन गेलेला असतो, प्रश्न ठरवताना.

आणि भाषेचा तो बचाव. मी उलटतपासणी घेतली असती तर एवढंच विचारलं असतं: बुडत्या बोटीवर माणसाला लाइफबोट दाखवायला व्याकरण लागतं का हो? हाताला धरून ओढता येतं, पोरं आधी उचलून टाकली की आयाबाया मागून येतात, हे कुठल्याही नाखव्याला विचारा. बरं जपानी लोकांचं सोडा, त्यांना इंग्रजी येत नव्हतं मान्य, पण ते १२ खलाशी? त्यांच्याकडून तर रोज काम करून घेत होतात ना. त्या काळच्या इंग्रजी बोटींवर हिंदुस्थानी खलाशांना हुकूम सारंगामार्फत जायचे, सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम, त्याच्या हाताखाली टंडेल, इंजिनरूमला आगवाले, आणि ही जी खिचडी बोली होती तिला लश्करी म्हणायचे, हिंदुस्थानी, पोर्तुगीज, इंग्रजी सगळं मिसळून, आणि गोरे ऑफिसर ती कामापुरती शिकायचेच. कोळसा टाकताना भाषा आडवी येत नाही आणि जीव वाचवताना येते, हा बचाव २५ जणांपुरताही लंगडाच आहे, ३७ जणांना तर पुरतच नाही.

भाषेचं निघालंच आहे तर एक स्वतःचं सांगतो, कारण या गोष्टी पुस्तकातून कळत नाहीत. वकिली सुरू करून चार-पाच वर्षं झाली असतील, एका बंदरात एका अपघाताच्या चौकशीला मी खलाशाच्या बाजूने उभा होतो. माणूस दापोलीकडचा, इंजिनरूमला कामाला, हातात त्याची नळी, म्हणजे खलाशाचं ते सर्व्हिसचं पुस्तक, आमच्याकडे आणि गोव्यातही जुने लोक नळीच म्हणतात, ती प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून घट्ट धरून बसलेला. त्याला विचारलं अलार्मचं काय. तो म्हणाला, "साहेब, बेल वाजलीच नाय. आम्ही खाली होतो, वरून कोन काय बोलला नाय, पानी गुडघ्याला लागलं तवा मी माझा वर आलो." इंटरप्रिटरने इंग्रजीत एका ओळीत सांगितलं आणि टायपिस्टने टाइप केलं: साक्षीदाराने अलार्म ऐकला नाही. बघा हां. वाजली नाही, याचं झालं ऐकली नाही. पहिल्यात दोष बोटीचा, दुसऱ्यात दोष याच्या कानाचा. कुणी मुद्दाम केलं नव्हतं, इंटरप्रिटर बिचारा सकाळपासून बोलून दमलेला. मी उठून हरकत घेतली, थोडी वादावादी झाली, दुरुस्ती झाली. पण ती झाली ती मला त्या माणसाची बोली कळत होती म्हणून. नसती कळत तर ते वाक्य आज तसंच फाइलमध्ये असतं आणि शंभर वर्षांनी कुणीतरी वाचून म्हणालं असतं, चौकशी चोख झाली, साक्षीदाराला विचारलंही होतं. तेव्हापासून जुन्या रेकॉर्डमध्ये "साक्षीदार म्हणतो" असं दिसलं की मी आधी बघतो मध्ये इंटरप्रिटर होता का.

परत नॉर्मंटनकडे. गोष्ट कोबेलाच संपली असती, पण जपानात आग पेटली. पेपरांत लेखांवर लेख, मेलेल्यांच्या कुटुंबांसाठी वर्गण्या, बुडालेल्या बोटीवर गाणंसुद्धा निघालं आणि लोकांच्या तोंडी बसलं. नेमकं त्याच वेळी परराष्ट्रमंत्री इनोउए काओरू हे जुने तह बदलून घ्यायच्या वाटाघाटीत गुंतलेले होते, त्यामुळे त्यांनाही गप्प बसणं शक्य नव्हतं. त्यांनी ह्योगोच्या, म्हणजे कोबे ज्या प्रांतात येतं तिथल्या, गव्हर्नरांना सांगितलं, फौजदारी तक्रार करा. तक्रार अर्थात ब्रिटिश कोर्टातच, दुसरीकडे जाणार कुठे. योकोहामाला ब्रिटिश कोर्ट फॉर जपान म्हणून कोर्ट होतं, तिथे जज निकोलस हॅनन. ८ डिसेंबरला ड्रेक दोषी ठरला, सदोष मनुष्यवधासारख्या गुन्ह्यात, आणि शिक्षा तीन महिने कैद. नुकसानभरपाई शून्य.

तीन महिने.

आता हा आकडा कशाशी तोलायचा? मी सांगतो, त्याच १८५४ च्या ॲक्टशी. त्यात बोट सोडून पळालेल्या खलाशाला १२ आठवड्यांपर्यंत कैद होती, सक्तमजुरीसकट देता येत होती. पगार बुडाला असेल, सारंगाने मारलं असेल, जेवण सडकं असेल, बंदरात उतरला आणि परत आला नाही, की १२ आठवड्यांपर्यंत आत. आणि बुडत्या बोटीवर पॅसेंजर आणि हिंदुस्थानी खलाशी मागे ठेवून स्वतः उतरलेल्या कॅप्टनला तीन महिने, म्हणजे साधारण १३ आठवडे. एका कायद्याच्या तागडीत दोन्ही जवळजवळ सारखं भरलं.

इथे प्रामाणिकपणे एक कबूल करायला हवं, नाहीतर तुमचे सर तुम्हाला पकडतील. ते पळून जाण्याचं कलम गोऱ्या खलाशालाही लागू होतं, लिव्हरपूलच्या पोरालाही त्याने आत टाकलंय. म्हणजे सगळंच रंगावर नव्हतं, मालक आणि मजूर हाही पदर होता आणि तो कधीकधी जास्त जाड होता. पण हिंदुस्थानी खलाशाला दोन्ही पदर एकदम अंगावर. १८२३ चा एक ब्रिटिश कायदा आहे, त्यात अगदी सरळ म्हटलंय की लस्कर, म्हणजे हेच आपल्याकडचे खलाशी, ब्रिटिश मुलखात जन्मले असले तरी त्यांना ब्रिटिश खलाशी समजायचं नाही. त्या काळी ब्रिटिश बोटीवर अमुक इतके खलाशी ब्रिटिश असलेच पाहिजेत असा नियम होता ना, त्या मोजणीत यांना धरायचं नाही म्हणून. जन्म राजाच्या राज्यात, काम राजाच्या झेंड्याखाली, मरण राजाच्या बोटीवर, पण मोजताना बाहेर. बोटीच्या व्यापाराचे ते जुने नियम १८४९ मध्ये गेले, पण "हे वेगळे" ही सवय नाही गेली, करारनामा वेगळा, पगार गोऱ्याच्या मानाने कितीतरी कमी, झोपायला जागा कमी.

एडनची केस यापेक्षा आपल्याला जवळची, कारण एडन तेव्हा मुंबई इलाख्याचा भाग होतं, १८३९ मध्ये मुंबईच्या फौजेनेच घेतलेलं. लोकांना हे सांगितलं की आश्चर्य वाटतं, पण एडनचा रेसिडेंट, म्हणजे तिथला मुख्य ब्रिटिश अधिकारी, मुंबई सरकारला उत्तर द्यायचा. जुलै १८८० मध्ये जेद्दा नावाची बोट सिंगापूर-पेनांगकडून हजचे यात्रेकरू घेऊन निघालेली, साडेनऊशेच्या आसपास माणसं. मालकी सिंगापूरच्या अरब व्यापारी घराण्याच्या कंपनीची, कॅप्टन आणि वरचे ऑफिसर गोरे. वादळात बॉयलर जागचे हलले, पाणी शिरायला लागलं, यात्रेकरू दिवसरात्र बादल्यांनी पाणी उपसतायत, आणि ८ ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतर कॅप्टन क्लार्क, त्याची बायको, चीफ ऑफिसर वगैरे मंडळी लाइफबोटीत बसून निघून गेली. त्यांना दुसऱ्या एका बोटीने उचलून एडनला आणलं आणि तिथे त्यांनी सांगितलं की जेद्दा बुडाली, सगळे गेले. तार लंडनला गेली. आणि त्यांच्या पाठोपाठ अँटेनॉर नावाची बोट जेद्दाला ओढत एडनच्या बंदरात घेऊन आली, यात्रेकरू जिवंत! मेलेले म्हणून सांगितलेले लोक धक्क्यावर उभे.

कॅप्टनचा बचाव काय, तर यात्रेकरू हिंसक झाले होते, बायकोच्या जिवाला धोका होता. आता साडेनऊशे माणसं पाणी उपसतायत आणि त्यांना दिसतंय की साहेब लोक बोट उतरवतायत, तर ती भडकणार नाहीत तर काय करणार, पण चौकशीत भडकणं आधी आलं आणि पळणं नंतर आलं अशी मांडणी करायचा प्रयत्न झाला. क्रम बदलला की दोष बदलतो, हा आमच्या धंद्यातला सगळ्यात जुना डाव. चौकशीने कॅप्टनचं म्हणणं पूर्ण मानलं नाही हेही खरं, त्याच्यावर ताशेरे आले, चीफ ऑफिसरवरही आले. आणि शिक्षा? सर्टिफिकेट तीन वर्षं निलंबित. बस. तुरुंग नाही. लंडनच्या पेपरांतसुद्धा आरडाओरडा झाला, तो मात्र मजेशीर वाचावा लागतो कारण त्यातला बराचसा राग "इंग्रज कॅप्टनची अब्रू गेली" यावर आहे.

त्या जेद्दाचा पुढे सिंगापूरच्या कोर्टात सॅल्व्हेजचा दावा चालला, म्हणजे अँटेनॉरने बोट वाचवली त्याचा मोबदला किती. सॅल्व्हेजची केस आम्ही नेहमी करतो, त्यात बोटीची किंमत, मालाची किंमत, धोका किती, मेहनत किती असं सगळं बारकाईने मोजतात, छान शास्त्र आहे ते. म्हणजे बघा, बोट वाचवली त्याचा हिशोब करायला कायद्याकडे बारीक तराजू होता. साडेनऊशे माणसं टाकून दिली त्याच्यासाठी जे माप होतं ते म्हणजे एक सर्टिफिकेट.

खुद्द मुंबईत काय, हे तुम्ही विचारलंय. मुंबईचं चित्र जरा गुंतागुंतीचं आहे आणि आजोबांच्या बाजूने काही बोलायचं तर ते इथेच बोलता येतं. १८२६ च्या ज्युरी कायद्यात ख्रिश्चन आरोपी असेल तर हिंदू-मुसलमान ज्युरीवर बसू शकत नव्हते आणि ग्रँड ज्युरीत, म्हणजे खटला चालवायचा का ते आधी ठरवणाऱ्या ज्युरीत, तर त्यांना जागाच नव्हती, त्याविरुद्ध कलकत्त्याहून राममोहन रॉय आणि इतरांनी आवाज उठवला, १८३२ च्या कायद्याने ते बदललं, आणि १८३४ मध्ये मुंबईत नाना शंकरशेट, जमशेटजी जीजीभॉय अशी मंडळी जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे मानद मॅजिस्ट्रेट, झाली. ही खरी सुधारणा होती, कमी लेखू नका. १८७७ पासून तर मुंबई, कलकत्ता, मद्रास या शहरांत हिंदुस्थानी मॅजिस्ट्रेट गोऱ्या आरोपीवर खटला चालवू शकत होता. फोर्टात दारू पिऊन धिंगाणा घातलेला गोरा खलाशी आपल्या माणसासमोर उभा राहायचा.

पण शहराच्या हद्दीपुरतंच. खाडी ओलांडून ठाण्याला गेलात की तो अधिकार संपला. कलकत्त्याच्या बिहारीलाल गुप्तांनी १८८२ मध्ये हेच सरकारला लिहून दाखवलं की शहरात मॅजिस्ट्रेट असताना मी युरोपियनवर खटला चालवू शकत होतो, बढती मिळून जिल्ह्यात गेलो तर नाही, ही काय तऱ्हा. त्यातून जिल्ह्यातही हा अधिकार द्यायचं इल्बर्ट बिल आलं, १८८३. आणि मग गोऱ्यांनी जो गहजब केला तो शाळेच्या पुस्तकात आपण वाचलेलाच आहे. मुंबईच्या टाउन हॉलमध्ये एप्रिल १८८३ मध्ये बिलाच्या बाजूने सभा झाली, काशिनाथ त्र्यंबक तेलंग, फिरोजशहा मेहता, बद्रुद्दीन तय्यबजी बोलले, तिघेही हायकोर्टात वकिली करणारे, म्हणजे रोज त्याच कोर्टात उभे राहणारे लोक. शेवटी १८८४ मध्ये तडजोड झाली: हिंदुस्थानी जिल्हा मॅजिस्ट्रेट आणि सेशन्स जज खटला चालवू शकतील, पण गोऱ्या आरोपीने मागितलं तर निम्मी ज्युरी युरोपियन किंवा अमेरिकन हवी. म्हणजे खुर्चीवर तुमचा माणूस बसवा, पण निकाल आमच्या हातात राहू द्या. सहीचा अधिकार दिला आणि शाई काढून घेतली, असं आमचे सीनियर म्हणायचे.

आता एक उलटी केसही सांगतो, नाहीतर असं वाटेल की बंदरातलं प्रत्येक कोर्ट असंच. १८७२, योकोहामाच. मारिया लूझ नावाची पेरू देशाची बोट दुरुस्तीला आली, आत मकावहून भरलेले २३० च्या आसपास चिनी मजूर, करारावर नेतोय म्हणायचे पण होते जवळजवळ गुलाम. एकाने पाण्यात उडी मारली आणि पोहत पोहत आयर्न ड्यूक या ब्रिटिश युद्धनौकेपर्यंत गेला, तिथून प्रकरण बाहेर आलं. पेरूचा जपानशी तह नव्हता, म्हणून कॉन्सुलची भानगड नाही, खटला सरळ जपानी कोर्टात, कानागावाचे अधिकारी ओए ताकू यांच्यापुढे. त्यांनी मजूर सोडवले. बोटीच्या बाजूने उभा राहिलेला इंग्रज वकील डिकिन्स, त्याने एक जबरदस्त मुद्दा काढला: तुमच्याकडे वेश्यांना कराराने विकतात ते चालतं, मग हे का नाही? वकील म्हणून टोपी काढतो मी त्याला, हेतू वाईट पण मुद्दा अचूक. जपान सरकारला तो इतका झोंबला की त्याच वर्षी त्या बायकांना करारातून मोकळं करायचा हुकूम निघाला. तो पुढे कितपत पाळला गेला हा वेगळा विषय, धंदा चालूच राहिला. पेरूने भांडण लवादाकडे नेलं, रशियाच्या झारने १८७५ मध्ये जपानच्या बाजूने कौल दिला.

ही केस मुद्दाम सांगितली कारण बंदर तेच, दशक थोडं अलीकडे-पलीकडे, तरी फरक पडला तो एका कागदाने, तह होता की नव्हता. तह असता तर ते २३० लोक बोटीच्या कॅप्टनच्याच देशाच्या कॉन्सुलपुढे गेले असते आणि पुढे काय झालं असतं ते सांगायला ज्योतिषी नको. त्याच योकोहामात १८७८ मध्ये अफू चोरून आणणाऱ्या हार्टली नावाच्या इंग्रजाला तिथल्या ब्रिटिश कॉन्सुलर कोर्टाने सोडून दिलं होतं, कारण काय तर ती औषधी अफू आहे. म्हणून जुरिस्डिक्शनचा, म्हणजे खटला कोणत्या कोर्टाच्या अधिकारात येतो त्याचा, चॅप्टर कंटाळवाणा म्हणून सोडू नका, परीक्षेत दहा मार्कांचा असतो पण माणसाचं नशीब बहुतेक वेळा त्याच चॅप्टरमध्ये ठरतं.

आता ते १२. २५ जपानी लोकांसाठी त्यांचं सरकार उभं राहिलं. कमजोर होतं, तहांनी बांधलेलं होतं, तरी तक्रार करायला एक परराष्ट्रमंत्री होता, ओरडायला पेपर होते, गायला गाणं होतं, त्यामुळेच कोबेचा पाच दिवसांचा निकाल योकोहामात जाऊन फिरला. १२ खलाशांचं सरकार कोणतं? ब्रिटिश. बोट कोणाची? ब्रिटिश. कॅप्टन, कॉन्सुल, जज? ब्रिटिश. त्यांच्या वतीने तक्रार करायला जे सरकार जायला हवं होतं तेच आधीच न्यायाधीशाच्या खुर्चीत बसलेलं. जपानात ही घटना आजही शाळेच्या पुस्तकात असते, व्यंगचित्रासकट, पण ते १२ आपले होते हे आपल्याकडे शिपिंगमधल्या लोकांनाही माहीत नसतं, मलासुद्धा पंधरा वर्षं वकिली झाल्यावर कळलं. प्रोजेक्ट करायचाच असेल तर यावर करा, इल्बर्ट बिलावर प्रत्येक बॅचमध्ये चाळीस होतात. आणि करताना शिक्षेच्या आकड्यापासून सुरुवात करू नका, आधी बघा चौकशी कोणत्या कलमाखाली बसवली, तिला काय विचारायची मुभा होती, बेंचवर कोण, साक्षीला कोणाला बोलावलं, आणि मध्ये इंटरप्रिटर कोण.

जपानची ती परकी कोर्टं १८९४ मध्ये झालेल्या नव्या तहाने जायची ठरली आणि १८९९ मध्ये प्रत्यक्ष गेली. आपल्याकडे गोऱ्या आरोपीच्या खास सवलती १९२३ मध्ये बऱ्याच कमी केल्या, पण शेवटचे अवशेष काढायला १९४९ उजाडलं, म्हणजे स्वातंत्र्य मिळून दोन वर्षं झाली तरी ते आपल्या फौजदारी कायद्यात बसलेले होते. ज्या ॲक्टने ते काढले त्याचं नाव आहे क्रिमिनल लॉ रिमूव्हल ऑफ रेशियल डिस्क्रिमिनेशन्स ॲक्ट. आजोबांशी वाद नको म्हटलं ना, फक्त हे नाव एकदा मोठ्याने वाचून दाखवा आणि विचारा, आजोबा, नव्हतंच तर १९४९ मध्ये काढलं काय?